कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या

पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली एका व्याख्यानात सांगितले की, शिरेत विनाकारण गुठळी झाली तर शरीरात कर्करोग दडलेला असू शकतो. दोनच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांनी ओळखला. त्याच वर्षी पोटातल्या कर्करोगाने ते वारले.

कर्करोगाच्या अनेक गाठी रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात. त्यात शस्त्रक्रिया, केमोथेरपी, अंथरुणावरचे दिवस आणि पिकलाइनसारखी शिरेत ठेवलेली नळी यांची भर पडते. स्वादुपिंड आणि जठराच्या कर्करोगात धोका सर्वाधिक.

एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, हाताला गरम लागते. पिकलाइन असेल तर तोच हात सुजतो. घरचे लोक ही सूज ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात आणि मौल्यवान दिवस जातात. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, जीवही जाऊ शकतो. म्हणून सूज दिसताच डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. डी-डायमरची रक्तचाचणी इथे फारशी कामाची नाही. कर्करोगात ती गुठळीशिवायही वाढलेली असते.

पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हेपारिनच्या जातीची इंजेक्शने चार आठवड्यांपर्यंत देतात. ती पोटाच्या कातडीखाली, रोज जागा बदलून घ्यायची. नंतर जागा चोळायची नाही, चोळल्यास काळेनिळे होते. केमो घेणाऱ्या प्रत्येकाला मात्र प्रतिबंधक औषध लागत नाही. कर्करोगाची जागा, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि लठ्ठपणा पाहून ‘खोराना गुणांक’ काढतात व धोका जास्त असेल त्यांनाच ते देण्याचा विचार करतात.

झालेल्या गुठळीवर पूर्वी वॉरफरिन देत. उलट्या, कमी जेवण आणि इतर औषधे यांमुळे त्याचा परिणाम सतत खालीवर होई. २००३ सालच्या ‘क्लॉट’ चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण वॉरफरिनसारख्या गोळ्यांवर सुमारे १७ टक्के, तर डॅल्टेपॅरिन इंजेक्शनवर ९ टक्के होते. पुढे २०२० च्या ‘कॅराव्हाजिओ’ चाचणीत अ‍ॅपिक्साबॅनच्या गोळ्या त्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत, मोठा रक्तस्रावही वाढला नाही. रोज सुई टोचून घेणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. तरी जठर-आतड्यातली गाठ काढलेली नसेल, तर अशा काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या की गुठळीच्या औषधाची मात्रा बदलावी लागते. त्यामुळे प्रत्येक केमोआधीची रक्तपेशींची तपासणी (सीबीसी) इथेही उपयोगी पडते. काळी शौच, लघवीत रक्त किंवा न थांबणारा घोळणा दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे. उपचार किमान तीन ते सहा महिने चालतो. कर्करोग सक्रिय असेल किंवा केमो चालू असेल, तर त्यानंतरही तो सहसा थांबवत नाहीत.