सोळा आणे आणि चोवीस हिस्से

परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा इथल्या बाजारात हाली सिक्का चालत असे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आज हा आकडा विचित्र वाटतो. पण तो १४ संख्यांनी निःशेष भागतो, आपला सुटसुटीत १०० मात्र फक्त ९ संख्यांनी.

विभाजक मोजायला यादी करावी लागत नाही. संख्येचे मूळ अवयव पाडा, प्रत्येक अवयव जितक्या वेळा येतो त्यात एक मिळवा आणि गुणाकार करा. १९२ मध्ये २ सहा वेळा, ३ एकदा: सात दुणे चौदा. १०० मध्ये २ दोनदा, ५ दोनदा: तीन त्रिक नऊ. मूळ अवयवांच्या जुळण्यांवरून विभाजक मोजण्याची ही वाट सातशे वर्षांपूर्वी इराणचे कमालुद्दीन फारसी यांनी हाताळली होती. साबित इब्न कुर्रा यांचा नवव्या शतकातला मित्रसंख्यांचा सिद्धान्त त्यांना नव्याने सिद्ध करायचा होता.

आपल्या घरात विभाजकांशी गाठ पडते ती विरासतीत. अल-ख्वारिज्मींच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या उदाहरणांनीच भरला आहे. कुरआनने ठरवलेले हिस्से सहा: अर्धा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. या सर्वांना पुरणारी लहानात लहान संख्या २४, आणि १९२ म्हणजे चोवीस आठे. मागे बायको, आई आणि एक मुलगा असेल तर रुपयात बायकोचे २ आणे, आईचे २ आणे ८ पै, मुलाचे ११ आणे ४ पै. एक पैसुद्धा उरत नाही. हाली आणि इंग्रजी रुपयाचा ठरलेला भावही याच हिशेबातला: १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. दहा आणे आठ पै म्हणजे नेमका दोन तृतीयांश रुपया.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शाळेतली गणितं सोपी झाली, हे खरंच. पण रुपयाचा तिसरा हिस्सा पैशांत मांडता येईनासा झाला.

तरी १९२ ची फार भलामण नको. त्याला पाचाने भाग जात नाही. बायको, दोन मुलगे, एक मुलगी असा वारस असेल, तर अष्टमांश काढून उरलेल्याचे पाच भाग पडतात, मुलाला दोन, मुलीला एक. अशा वेळी फराइजचे जाणकार मूळ आकडाच वाढवतात. त्याला तसहीह म्हणतात. इथे आठ पंचे चाळीस. आणि आपल्याकडे एकराचे गुंठे ४०! बायकोला ५, मुलांना १४-१४, मुलीला ७. इतका सरळ हिशेब असूनही हक्कसोड पत्रावर अंगठा उठतो तो बहुधा त्या सात गुंठ्यांवर. ‘तुकडे पडतील, हिशेब जमणार नाही’ असं बहिणीला सांगणाऱ्या भावाने चाळिसाचे विभाजक एकदा मोजावेत. आठ आहेत.