कंबर-गुडघ्याचं दुखणं तीन महिने झाले तरी जात नाही? जुनाट दुखण्याबद्दल हे माहीत असू द्या

जुन्नर-आंबेगाव : पश्चिम पट्ट्यात आषाढात भातलावणी, पूर्वेकडे हिवाळ्यात कांदालावण, नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोची तोडणी आणि क्रेट उचलणं, शिवाय विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्याची ऊसतोड. दोन्ही तालुक्यांत पीक बदलतं, वाकून करायचं काम बदलत नाही. त्यामुळं कंबर धरणं, उसण भरणं, गुडघा आखडणं याचं कुणाला नवल वाटत नाही. "कामानं दुखतंय, जाईल" असं म्हणून माणूस पुन्हा शेतात जातो. बहुतेक वेळा ते खरंच आठ-पंधरा दिवसांत, फार तर महिना-दीड महिन्यात जातं.

पण दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, किंवा जाऊन पुन्हा पुन्हा येत राहिलं, की डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुनाट दुखण्याला वेगळी जागा दिलेली आहे. म्हणजे हे नाटक नाही, आळस नाही आणि नुसतं वयही नाही. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असं याच संघटनेनं म्हटलं आहे.

जखम भरली तरी का दुखतं?

दुखणं ही शरीराची राखण आहे. वस्तीवर एकदा बिबट्या गोठ्यापाशी येऊन गेला की राखणीचं कुत्रं पुढं कित्येक दिवस पाचोळा वाजला तरी भुंकतं. कुत्रं खोटं भुंकत नाही, पण दरवेळी बिबट्या असतोच असंही नाही. जुनाट दुखण्यात मज्जातंतू आणि मेंदू यांचं असंच होतं. मूळ इजा भरून आलेली असते, तरी साध्या वाकण्यानंही कळ उठते. कळ खरीच असते, फक्त तिच्यावरून आत किती बिघाड आहे याचा अंदाज लागत नाही. सगळ्यांचंच असं होतं असंही नाही. गुडघ्याची झीज, संधिवात, मधुमेहामुळं पायांची होणारी आग यांत मूळ आजारही चालूच असतो, आणि त्याचा इलाज वेगळा करावा लागतो.

"मणक्यात गॅप आहे" हे वाक्य ऐकून अनेकांनी काम सोडलं आहे. याबाबत २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचे निष्कर्ष त्यात एकत्र केले होते. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत. म्हणजे एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळंच आहे असं होत नाही. उसनवारी करून आधी एमआरआय काढायचा आणि मग डॉक्टर शोधायचा, हा क्रम उलटा आहे.

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नये. लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पाय लुळा पडत जाणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे तपासावं लागतं. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची पाठ दुखू लागली असेल, तरीही वाट पाहू नये.

सुई, गोळी आणि पुडी

बाजाराच्या दिवशी सुई टोचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, ही सवय दोन्ही तालुक्यांत नवी नाही. अशा सुईत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असतं, कधी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइडही असतं. आराम पडतो हे खरं, म्हणून तर माणूस पुन्हा जातो. पण वेदनाशामकं महिनोन्‌महिने घेतली तर जठरात व्रण होतात, किडनीवर ताण येतो, बीपी वाढतो. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर ही गोळी घेतली तर किडनीला धोका आणखी वाढतो. हेच डायक्लोफेनॅक जनावरांना दिलं जायचं. मेलेलं जनावर खाऊन देशभरातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाएवढं नाजूक नाही, तरी औषध किती जोरकस आहे हे त्यावरून कळावं.

स्टेरॉइडनं तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. गुडघ्यावर "शंभर टक्के देशी" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी घेतल्यावर दोन दिवसांत भूक वाढली आणि दुखणं गायब झालं तर शंका घ्यावी. पण बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांना दाखवूनच ती कमी करत आणावी.

याच्या उलटही घडतं. डॉक्टर जुनाट दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन देतात. पेशंट मोबाइलवर नाव शोधतो, "डिप्रेशनचं औषध" असं वाचतो आणि "मला काय येडा समजला का" म्हणून गोळ्या फेकून देतो. ही औषधं नसांमधून येणारी कळही कमी करतात, म्हणून दिली जातात. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात.

मग करायचं काय?

अंथरूण धरून पडून राहणं हा सगळ्यांत वाईट इलाज. हालचाल थांबली की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आजार समजावून सांगणं, व्यायाम आणि मनाला मदत यांवर त्यांचा भर आहे. नेहमी वापरायचा कंबरपट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं यांची शिफारस त्यांनी केलेली नाही. गावात पट्टा बांधलेली माणसं किती आहेत हे पाहिलं तर ही गोष्ट अनेकांना पटायची नाही.

"शेतात दिवसभर व्यायामच होतो" हेही अर्धंच खरं. शेतातलं काम एकाच बाजूला, एकाच ठेवणीत होतं. त्यामुळं चालणं, पाठीचे आणि मांडीचे सोपे ताण हे वेगळे करावे लागतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले की घरी करता येतात.

खरी गोम कामाच्या मापात आहे. बरं वाटलं त्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकायचं आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, या चक्रात दुखणं मुरतं. कांदा लावताना अर्ध्या तासानं उठून दहा पावलं चालावं. भरलेला क्रेट एकट्यानं कमरेत वाकून न उचलता दोघांनी धरावा. खुरपताना सारखं उकिडवं बसण्यापेक्षा छोटा पाट घ्यावा. बरं असो वा नसो, रोज ठरलेलं तेवढंच काम करावं आणि ते आठवड्या-आठवड्यानं थोडं वाढवावं. मजुरीनं जाणाऱ्या बाईला हे सोपं नाही, तिच्या हातात कामाचं माप नसतं. निदान टोळीतल्या बायांनी वाकायची आणि उभ्याची कामं आळीपाळीनं वाटून घ्यावीत.

झोपेचाही संबंध आहे. रात्रपाळीची लाइट आली की पाणी भरायला जायचं, वर बिबट्याची धास्ती. अशा जागरणानंतर तीच कळ दुप्पट वाटते. भाव पडला, हप्ता थकला, तेव्हाही तसंच होतं. मनावर ताण असेल तर टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं. आणि घरातल्या सुनेची कंबर दुखते तेव्हा "हिला कामाचाच कंटाळा" असं म्हणण्याआधी तिचं रक्त तपासून घ्यावं. रक्त कमी असेल, बी-१२ किंवा डी जीवनसत्त्व कमी असेल तरी अंग दुखतं, आणि त्याचा इलाज महाग नाही.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिथून गरजेप्रमाणे घोडेगाव, जुन्नर, नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आणि पुढं पुण्याचं ससून अशी वाट आहे. जाताना दुखणं कधीपासून आहे, कोणत्या कामानं वाढतं, रात्री जाग येते का हे कागदावर लिहून न्यावं. आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुडीसुद्धा, पिशवीत टाकून डॉक्टरांपुढं ठेवावी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या लपवू नयेत, कारण किडनीची तपासणी करायची की नाही हे त्यावरच ठरतं.