डिस्क-ड्रायव्हरची दुरुस्ती आणि परीक्षकाची साक्ष

लिनक्स प्रणालीच्या इतिहासात आज्ञावली लिहिणाऱ्यांची नावे ठळकपणे नोंदली गेली आहेत. ती आपल्या यंत्रावर चालवून पाहणाऱ्या परीक्षकांची कामगिरी मात्र बहुधा उपेक्षित राहिली. डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरपुरते पाहिले तर परीक्षकाची साक्षच निर्णायक ठरते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, तेव्हा एटी पद्धतीच्या हार्डडिस्कखेरीज अन्य डिस्क तीवर बहुधा कधीच चालणार नाहीत, असे त्याने सांगितले. कारण त्याच्यापाशी तेवढीच होती. ह्या उद्गारात पुढील साऱ्या प्रश्नाचे बीज आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याजवळ जगातील सर्व कंट्रोलर असणे शक्य नाही.

१९९५ च्या सुमारास ह्या मर्यादेची कसोटी लागली. आरझेड-१००० आणि सीएमडी-६४० ह्या आयडीई कंट्रोलरच्या चिप त्या काळच्या पुष्कळ संगणकांत होत्या. मागणीपूर्वीच पुढील मजकूर वाचून ठेवण्याच्या त्यांच्या व्यवस्थेत दोष होता. वाचन चालू असता दुसरे काम मध्ये आले, की मजकूर बिघडू शके; आणि त्रुटीचा संकेत मात्र मिळत नसे. एका वेळी एकच काम करणाऱ्या डॉसखाली हा दोष बहुधा झाकलेला राही. अनेक कामे एकत्र चालविणाऱ्या लिनक्ससारख्या प्रणालीत तो उघड होई. लिनक्सच्या ड्रायव्हरने आरझेड-१००० मधील आगाऊ वाचन बंद केले. त्यामुळे वेग किंचित घटला, पण मजकूर सुरक्षित झाला.

अशी दुरुस्ती सिद्ध कशी करावयाची? प्रथम जुन्या कर्नलवर बिघाड घडवून दाखविला पाहिजे. मग तेवढा एकच बदल करून, तोच भार त्याच यंत्रावर देऊन, लिहिलेला मजकूर वाचलेल्या मजकुराशी ताडून पाहिला पाहिजे. बिघाड आधी दिसलाच नसेल, तर नंतरच्या निर्दोषतेला पुराव्याचे मोल नाही. येथे साक्षीदाराची प्रतिष्ठा गौण ठरते. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावी एखाद्याजवळ तसा कंट्रोलर असेल, तर त्याची काटेकोर नोंद मोठ्या प्रयोगशाळेतील तर्काहून अधिक ग्राह्य होय.

कर्नलमधील बदलांसोबत परीक्षकाचे नाव नोंदण्याची प्रथा पुढे रूढ झाली. त्या नोंदीचा अर्थ मर्यादित आहे: कोणत्या तरी एका परिस्थितीत हा बदल यशस्वी ठरला, इतकाच. ही मर्यादाच तिची प्रामाणिकता होय. २०२१ मध्ये जुनी आयडीई ड्रायव्हर-व्यवस्था कर्नलमधून काढून टाकण्यात आली. तत्पूर्वीच ह्या दोन चिपांसाठी लिबएटीए व्यवस्थेत नवे ड्रायव्हर तयार झाले होते. परंतु ती यंत्रे जसजशी भंगारात जातात, तसतशी फेरपरीक्षेची शक्यताही मावळते. म्हणून संगणकाच्या इतिहासकाराने आज्ञावलीबरोबरच चाचणीच्या नोंदीही मूळ साधने म्हणून जतन केल्या पाहिजेत.