वयात येणे आणि जाण येणे

आमच्या मोहल्ल्यात मुलीला पाळी आली की लग्नाची बोलणी सुरू व्हायची. शरियतच तसे सांगते, असे वडीलधारे म्हणत. पाळी आल्यावरही कमरेचे हाड वाढतच असते, हे कुणी सांगत नसे.

पुढे फिकह वाचू लागलो. बुलूग म्हणजे शरीराने वयात येणे. रुश्द म्हणजे व्यवहाराची जाण. अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती देताना सूरह निसा दोन्ही पाहायला सांगते. आम्ही पैशाला जाण मागितली, लग्नाला नाही! वयात आल्याच्या खुणा दिसल्या नाहीत तर इमाम अबू हनिफा मुलासाठी १८ आणि मुलीसाठी १७ वर्षे धरतात; त्यांचेच शिष्य अबू युसूफ व मुहम्मद दोघांसाठी १५.

हनफी मतानुसार बापाने किंवा आजोबांनी लावलेला निकाह मुलीला वयात आल्यावर सहसा नाकारता येत नसे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने ते बदलले. १५ वर्षांआधी लावलेला निकाह, संबंध आला नसेल तर, ती १८ पूर्ण होण्याआधी नाकारू शकते.

अम्मीला मी हे वाचून दाखवले. तिचा निकाह चौदाव्या वर्षी झाला होता. ती म्हणाली, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?"