रायपूरची शाळा, नागपूरचे न्यायालय आणि ते पस्तीस दिवस

'आपले मूळ गाव कोणते?' हा प्रश्न रायपूरच्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे, आणि दर पिढीला त्याचे उत्तर थोडे अधिक अवघड होत गेले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही ज्या पुरुषाचे स्मरण करीत आहोत, ते मराठी नव्हते. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते, असे आम्हांस वाटते. ते पुरुष म्हणजे न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौ येथे झाला. शालेय शिक्षण मात्र आमच्या रायपूरच्या सरकारी शाळेत झाले. १९२२ साली येथून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात गेले आणि पुढे केंब्रिजला. बॅरिस्टर होऊन १९३० साली त्यांनी नागपुरास वकिली सुरू केली. त्या काळी रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. प्रांताची राजधानी नागपूर, आणि १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालयही तेथेच. छत्तीसगडच्या पक्षकाराने अपिलासाठी नागपूरची गाडी धरावी, हा तेव्हाचा रिवाजच होता.

१९४३ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हिदायतुल्ला प्रांताचे महाधिवक्ता झाले. १९४६ साली न्यायाधीश व १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले. आमच्यातील कित्येक घरांची या एका दिवसाने दोन राज्यांत विभागणी केली. हिदायतुल्लांनाही सव्वीस वर्षांचे नागपूर सोडावे लागले. ते जबलपुरास नव्या मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. तेथून १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले.

यापुढील प्रसंग विलक्षण आहे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. परंतु निवडणुकीस उभे राहण्यासाठी २० जुलै रोजी त्यांनीही पद सोडले. दोन्ही पदे रिकामी राहिल्यास काय करावे, याची तरतूद संसदेने त्याच वर्षी केली होती. तीनुसार सरन्यायाधीश राष्ट्रपतिभवनात आले. २४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पस्तीस दिवस, रायपूरच्या शाळेतला विद्यार्थी देशाचा प्रमुख होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे स्वागतही त्यांनीच केले.

याच काळात, ९ ऑगस्ट रोजी, बँक-राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास त्यांनी संमती दिली. त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. निकाल देणाऱ्या अकरा न्यायाधीशांच्या पीठावर हिदायतुल्ला नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी त्यांच्याच सहकाऱ्यांनी, दहा विरुद्ध एक अशा बहुमताने, तो कायदा रद्द ठरविला. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या घटनेचे मोल विशेष वाटते. सही ही खुर्चीची असते, माणसाची नव्हे. एका खुर्चीवरून केलेल्या सहीचा न्याय दुसऱ्या खुर्चीवर बसून आपणच करू नये, आणि इतरांनी केला तर त्यात मानापमान मानू नये, एवढे ज्यास कळले त्यास अधिकार पेलतो.

१६ डिसेंबर १९७० रोजी ते निवृत्त झाले. १९७९ साली ते उपराष्ट्रपतिपदी अविरोध निवडले गेले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी असता पुन्हा एकदा काही आठवडे राष्ट्रपतिपदाची धुरा त्यांनी सांभाळली. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे नाव धारण करणारे राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००३ साली येथे स्थापन झाले. जन्म लखनौचा, कीर्ती नागपूर-दिल्लीची, अखेर मुंबईची. तरी रायपूरने त्यांना आपले म्हटले. जेथे माणूस घडतो आणि जेथे त्याचे काम स्मरणात राहते, ते त्याचे गावच होय. आमच्या नातवंडांनी मूळ गाव विचारले, तर जुन्या वाड्याचे नाव अवश्य सांगावे. परंतु त्याच्या शेजारी रायपूरचेही नाव निःसंकोचपणे घ्यावे.