आदेश आणि घटना: ठाणे परिसरातील पक्षशिस्तीचा इतिहास

मानपाडा हे नाव ठाणे जिल्ह्यात दोन ठिकाणी आढळते. एक मानपाडा घोडबंदर रस्त्यावर ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, तर दुसरा कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला कल्याण-शीळ रस्त्यालगत आहे. या दोहोंच्या दरम्यान वसलेल्या नागरी पट्ट्यात राजकीय पक्ष म्हणजे प्रथम शाखा, असा समज गेल्या अर्धशतकात रूढ झाला. पक्षाला घटना असते, म्हणजे सभासदत्व, पदे, निवडणुका आणि शिस्तभंगाची कारवाई यांविषयीचे लेखी नियम असतात, ही गोष्ट त्या शाखेत बसणाऱ्या कार्यकर्त्याला बहुधा ठाऊक नसे आणि पक्ष एकसंध होता तोवर त्यावाचून त्याचे काही अडतही नसे. ही घटना वाचण्याची वेळ पक्ष दुभंगल्यावर आली आणि तेव्हाही ती वाचली ती वकिलांनी व निवडणूक आयुक्तांनी.

महाराष्ट्रात पक्षाच्या लेखी नियमांची परंपरा मात्र जुनी आहे. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली, तिच्यामुळे वार्षिक चार आणे भरणारा कोणीही प्रौढ सभासद होऊ लागला आणि गावापासून अखिल भारतीय समितीपर्यंत निवडणुकांची शिडी उभी राहिली. हक्क देणाऱ्या या घटनेचा दुसरा चेहरा 1937 नंतर, प्रांतांत सत्ता आल्यावर, दिसू लागला. मुंबई प्रांतात विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदी बाळासाहेब खेर यांची निवड झाली, तेव्हा वल्लभभाई पटेल यांनी दबाव आणल्याची तक्रार काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांनी केली. चौकशी महात्मा गांधी आणि डी. एन. बहादुरजी यांच्याकडे गेली, आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि उलट तक्रारदारच विश्वासाच्या पदाला अपात्र ठरला. पुढच्याच वर्षी मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांच्यावर पाळी आली. रविशंकर शुक्ल व द्वारकाप्रसाद मिश्र या सहकारी मंत्र्यांशी झालेल्या वादात डॉ. खरे यांनी जुलै 1938 मध्ये राजीनामा दिला, सहकाऱ्यांनी राजीनामे देण्याचे नाकारल्यावर गव्हर्नरकडून त्यांना बडतर्फ करवून नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेस कार्यकारिणीने ते बेशिस्तीचे कृत्य ठरवून त्यांना पायउतार व्हायला लावले. डॉ. खरे यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, पण पक्षातले त्यांचे स्थान गेले ते गेलेच. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते आणि ऑगस्ट 1939 मध्ये त्याच कार्यकारिणीने बोस यांनाही शिस्तभंगाबद्दल तीन वर्षे निर्वाचित पदांसाठी अपात्र ठरवले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. या तिन्ही प्रकरणांत निदान ठराव, खुलासा आणि इतिवृत्त यांचे कागद होते. निर्णय न्याय्य होता की नाही हा वाद त्या कागदांमुळेच आजही घालता येतो.

ठाणे परिसरात पुढे जी पद्धत रुजली तिचा आधार कागद नव्हता. 19 जून 1966 रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिका जिंकली आणि सत्तेची पहिली चव या संघटनेने याच शहरात घेतली. तिच्या शब्दसंग्रहात सभासदाऐवजी सैनिक, ठरावाऐवजी आदेश आणि अध्यक्षाऐवजी प्रमुख असे शब्द होते, आणि शब्द बदलले की नातेही बदलते. सभासद प्रश्न विचारू शकतो, सैनिकाने आदेश पाळायचा असतो. कारवाईचीही ठरावीक भाषा घडली: मतभेद म्हणजे पक्षविरोधी कारवाया, पक्ष सोडणे म्हणजे गद्दारी, आणि शिक्षा म्हणजे हकालपट्टी, जिच्यात हाकलण्याची क्रिया इतकी उघड आहे की आधी सुनावणी झाली का, हा प्रश्न मनात येतच नाही. 1988 मध्ये 'सामना' सुरू झाल्यावर हकालपट्टीची वार्ता ज्याची त्यालाही कित्येकदा मुखपत्रातूनच कळू लागली. जुलै 2022 मध्ये शिरूरच्या एका माजी खासदाराच्या हकालपट्टीचे वृत्त तेथे छापून आले आणि ते अनवधानाने छापले गेल्याचा खुलासा लगेच करावा लागला.

या पद्धतीची सर्वांत गंभीर कसोटी 1989 मध्ये लागली. ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेचे प्रकाश परांजपे पराभूत झाले आणि पक्षाची मते फुटल्याचा संशय बळावला. पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकाला अपात्र ठरवण्यासाठी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 हा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. म्हणजे तक्रार, नोटीस आणि सुनावणी हा मार्ग खुला होता. प्रत्यक्षात त्याच वर्षी ज्यांच्याविषयी संशय व्यक्त झाला होता ते नगरसेवक श्रीधर खोपकर यांची हत्या झाली. या प्रकरणात शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा कायद्याखाली, म्हणजे दहशतवादी कृत्यांसाठी केलेल्या विशेष कायद्याखाली, अटक झाली, पुढे ते जामिनावर सुटले, आणि 26 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला नव्हता. मानवी हक्कांच्या दृष्टीने हे प्रकरण दुहेरी आहे. एकीकडे मतदानावरून संशय आलेल्या लोकप्रतिनिधीचा जीव गेला. दुसरीकडे जो कायदा आरोपीवर लावला गेला त्यात पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता आणि जामीन मिळणे अवघड होते, म्हणूनच त्यावर देशभर टीका झाली व 1995 मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. ठाण्याच्या सार्वजनिक आठवणीत या प्रकरणाची पहिली बाजू फिकट झाली, हे या शहराच्या इतिहासकाराने नमूद करायला हवे.

संघटनेने आपल्या सभासदाशी कसे वागावे याचा भारतीय कायदा ज्या निवाड्यावर उभा आहे तो मराठी मुलखाच्या सीमेवरचाच आहे. बेळगावच्या 'लॉज व्हिक्टोरिया' या फ्रीमेसन मंडळाने टी. पी. दावर या सभासदाला काढून टाकले, तेव्हा 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सभासद नियमांनी बांधलेला असतो, पण काढून टाकण्याची कारवाई त्या नियमांबरहुकूम, प्रामाणिकपणे आणि नैसर्गिक न्यायाने, म्हणजे आरोप कळवून व बाजू ऐकून, व्हायला हवी. दावर ते अपील हरले, तत्त्व मात्र टिकले. इंग्लंडमध्ये पक्षाचे नियम हा सभासदांमधील करारच मानला जातो. पेम्ब्रोकशायरच्या मजूर पक्षातील वादात 1969 मध्ये न्यायमूर्ती मेगॅरी यांनी सुनावणीशिवाय केलेले निलंबन अवैध ठरवले, आणि 2020 मध्ये तेथील समानता व मानवी हक्क आयोगाने त्याच पक्षाच्या अंतर्गत तक्रार-प्रक्रियेतील राजकीय हस्तक्षेप बेकायदा असल्याचा निष्कर्ष काढला. भारतात 1989 पासून पक्षाला लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 29-अ खाली नोंदणी करून संविधानावरील निष्ठा लेखी द्यावी लागते, परंतु अंतर्गत लोकशाही पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले.

जून 2022 मध्ये शिवसेनेचे ठाण्यातील नेते एकनाथ शिंदे बहुसंख्य आमदारांसह पक्षनेतृत्वापासून वेगळे झाले, आधी गटनेतेपदावरून आणि नंतर पक्षाच्या नेतेपदावरून त्यांना दूर करण्यात आले, आणि मग कोणाला काढण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नासाठी जुने कागद उघडले गेले. निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात, आपल्या सांगण्यावरून 1999 मध्ये घटनेत घातलेल्या लोकशाही तरतुदी पुढे काढून टाकल्या गेल्या व 2018 ची दुरुस्ती आपल्याकडे आलीच नाही, असे म्हटले आणि आमदार-खासदारांच्या बहुमतावर शिंदे गटाला नाव व चिन्ह दिले. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे सांगून शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा ठरवली. 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी 1999 ची घटना ग्राह्य धरून, राष्ट्रीय कार्यकारिणीला डावलून पक्षप्रमुख एकट्याने कोणाला काढू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला, आणि दोन्ही गटांपैकी कोणालाच अपात्र ठरवले नाही. आयोगाचा आणि अध्यक्षांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाला.

अनेक दशके आदेशावर चाललेल्या पक्षाचे भवितव्य अखेर घटनेच्या कलमांवर तोलले गेले, आणि आदेश मानण्यात ज्यांची कारकीर्द गेली त्यांनीच नियमांचा आसरा घेतला. मात्र या साऱ्या निवाड्यांत पक्षकार होते ते आमदार, खासदार आणि नेते. वर्गणी देणाऱ्या, मंडप बांधणाऱ्या, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या सभासदाला यांपैकी कोणीही विचारले नव्हते. त्याच्या वाट्याला आला तो शाखेच्या जागेचा वाद. ऑगस्ट 2022 मध्ये डोंबिवलीच्या मध्यवर्ती शाखेत दोन गट समोरासमोर आले, मार्च 2023 मध्ये ठाण्याच्या शिवाईनगरात शाखेच्या ताब्यावरून तेच घडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंब्र्याची शाखा बुलडोझरने पाडली गेली.