यूएसएस कॉन्स्टिट्यूशन
यूएसएस कॉन्स्टिट्यूशन ही अमेरिकेच्या नौदलाची तीन डोलकाठ्यांची लाकडी युद्धनौका आहे. आजही सेवेत असलेली व पाण्यावर तरंगणारी ही जगातील सर्वांत जुनी युद्धनौका होय. जोशुआ हम्फ्रीज यांच्या आराखड्यानुसार बॉस्टन येथे बांधलेल्या या ४४ तोफांच्या फ्रिगेटचे जलावतरण २१ ऑक्टोबर १७९७ रोजी झाले.

१९ ऑगस्ट १८१२ रोजी तिने ब्रिटिशांच्या ग्वेरिएर या फ्रिगेटचा पराभव केला. तिच्या जाड ओक लाकडावरून तोफगोळे उसळून परतल्यामुळे तिला 'ओल्ड आयर्नसाइड्स' हे टोपणनाव मिळाले. २९ डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिने जावा ही नौका जिंकली. जावावरून मुंबईकडे निघालेले सेनानी थॉमस हिस्लॉप त्या वेळी कैद झाले. सुटकेनंतर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध इंग्रज फौजेचे नेतृत्व त्यांनीच केले.

१८३० मध्ये नौका मोडीत निघणार असल्याचे वृत्त पसरले. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या कवितेमुळे लोकमत जागृत झाले आणि नौकेची दुरुस्ती करण्यात आली. जलावतरणास १५० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २१ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे चित्र असलेले ३ सेंटचे तिकीट प्रसिद्ध केले. सध्या ती बॉस्टनमधील चार्ल्सटाउन येथे असते.